अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

विषय पहिला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

मागील सभेचं इतिवृत्त कुणी वाचत नाही. ते नुसतं कायम होतं. सेक्रेटरी म्हणून मीही तशीच कायम झाले. ज्या सभेत माझी निवड झाली त्या सभेला मी नव्हतेच. भरतेश होता, म्हणजे माझा नवरा. "पद्मजा घरीच असते की," म्हणून त्याने माझं नाव सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी पंप विकायला विजापूरला निघून गेला. मी घरी असते म्हणजे घरून लोकांचे कर भरून देते. पण हे सांगायला मी सभेत असायला हवी होते.

आमची सोसायटी सांगलीत. पाच मजले, एक लिफ्ट, एक जिना. जिना दीड माणूस रुंद आहे. बिल्डरने उरलेला अर्धा माणूस कुठे घातला, ते त्यालाच माहीत.

सभेची पद्धत सांगते. नोटिशीच्या तळाशी छापलेलं असतं : 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.' म्हणजे आधी पुरेशी माणसं जमायला हवीत. नाही जमली तर अर्धा तास रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसायचं, आणि मग नाही जमली तरी चालतं. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणीच येत नाही. मी आणि चेअरमन ढवळेसर बसतो. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे.

"इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतो, पद्मजाबाई," ते एकदा अशाच अर्ध्या तासात म्हणाले.

"आपले सभासद एकाही ठिकाणी नसतात," मी म्हटलं.

सर खूश झाले. मी वैतागून बोलले होते. पण या इमारतीत माझा वैताग लोकांना विनोद वाटतो.


विषय दुसरा : लिफ्टसाठी पर्यायी वीजपुरवठा

लिफ्टचं बिल परवडेना, म्हणून सभेने (म्हणजे मी, सर आणि अर्धा तास) जिवाणूंची वीज घ्यायचं ठरवलं. हल्ली बऱ्याच इमारतींत ती आहे, तरी सांगते. तळघरात एक टाकी असते. सगळ्या घरांचं सांडपाणी तिथे येतं. टाकीत कार्बनच्या जाळ्या आणि जाळ्यांवर जिवाणू. ते आपली घाण खातात. प्रत्येक घासामागे काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. आपल्या शरीरात ते शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनच्या पदरात पडतात. टाकीत ऑक्सिजन नाही, म्हणून हे जिवाणू ते अंगाबाहेर काढून जाळीला देतात. मागे राहिलेले प्रोटॉन पाण्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेतून जातात, आणि दोघांची पुन्हा गाठ पडेपर्यंत वाटेत आमची लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचलेली असते.

यंत्र बसवायला कंपनीची इंजिनिअर आली होती, शबाना मुजावर. चाळिशीची, पाना कमरेला आणि उत्तर जिभेवर.

"म्हणजे आम्ही संडासला गेलो की लिफ्ट वर जाते?" तिसऱ्या मजल्यावरच्या आरवाडेंनी जिन्यातून जाता जाता विचारलं.

"अगदी तसं नाही," शबाना म्हणाली. "पण जाऊन आल्यावर लिफ्टसमोर मान ताठ ठेवायला हरकत नाही."

मग तिने मला खरी गंमत दाखवली. एकट्या जिवाणूने काही होत नाही. तो एकटाच जाळीवर चिकट पडदा विणायला बसला, तर विणता विणता उपाशी मरेल. म्हणून ते आधी हजेरी घेतात. प्रत्येक जिवाणू अंगातून एक छोटा रेणू सोडत राहतो. आसपास तो रेणू दाट झाला की सगळ्यांना कळतं, पुरेसे जमलो. मग सगळे एकदम कामाला लागतात. हे दाट-पातळ ओळखायला कंपनीने टाकीत नखाएवढा हिरा बसवला होता. हिऱ्यात मुद्दाम ठेवलेला एक दोष, त्या दोषात अडकलेला एक इलेक्ट्रॉन. आसपास काही हललं की त्या इलेक्ट्रॉनची गिरकी डळमळते, आणि त्या डळमळण्यावरून यंत्र जिवाणूंचं बोलणं ओळखतं. उलट सांगायचं असेल तर निळा प्रकाश. हे जिवाणू असे घडवलेले होते की प्रकाश पडला की ते तोच रेणू जास्त सोडतात. म्हणून टाकीपासून घराघराच्या मोरीपर्यंत सगळ्या पाइपांतून केसासारखी प्रकाशाची तार ओढली होती, आणि तिच्यावर वळणावळणाला तशाच हिऱ्याचा एकेक कण.

"आणि बोलतात काय?" मी विचारलं.

शबानाने यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी आहे.
मी आहे.
मी आहे.

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढीच भाषा आहे."

"एवढ्यासाठी हिरा?"

"मॅडम, आमच्या घरात सात माणसं आहेत. कुणी एवढंसुद्धा सांगून जात नाही."

ती चहाला गेली. जाताना म्हणाली, सुरुवातीचे चार प्रश्न यंत्र विचारेल, तेवढी उत्तरं भरून ठेवा. चौथा प्रश्न होता : पुरेसे जिवाणू जमले नाहीत तर काय करावे? 'थांबावे' असा एक पर्याय होता. दुसरा होता 'तुमचा नियम लिहा'.

माझ्या बोटांना तो नियम पाठ आहे. नोटीस काढून काढून झाला आहे. अर्धा तास, तेच ठिकाण, अट राहणार नाही. बोटं थांबली तेव्हा लिहून झालं होतं.

'नियम समजला,' यंत्र म्हणालं.

आमच्या सभासदांना इतक्या वर्षांत एक नियम समजला नाही. याला पहिल्या फटक्यात समजला.


विषय तिसरा

सूचक न मिळाल्याने सोडून देण्यात आला. काय होता, ते आता कुणालाच आठवत नाही.


विषय चौथा : चिकटा

आधी आरवाडेंची मोरी तुंबली. मग सगळ्यांच्याच. पाइपांतून बोटभर जाड, शेवाळी रंगाचा चिकटा निघायला लागला. त्याला ओल्या वहीसारखा वास होता. मग लिफ्ट धापा टाकायला लागली आणि एका सकाळी दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत ढवळेसर होते.

"घाबरू नका," त्यांनी आतून मला फोन केला. "मी या क्षणी दुसऱ्या मजल्यावरही आहे आणि तिसऱ्यावरही. वाईट याचंच वाटतं की दोन्हीकडे दार नाही."

शबाना आली, तिने सरांना काढलं, तळघरात गेली आणि यंत्राचा पडदा वाचून वर आमच्या घरी आली.

"हे कुणी लिहिलं?"

मी माझ्या बोटांकडे बघितलं.

"मॅडम, अब्जावधी वर्षं या जिवाणूंनी एक शिस्त पाळली. पुरेसे जमल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. तुम्ही त्यांची हाउसिंग सोसायटी केलीत."

झालं होतं असं. पाइपाच्या कुठल्यातरी वळणावर चार-सहा जिवाणू अडकायचे. एरवी ते वाहत टाकीत गेले असते. आता यंत्र त्यांना अर्धा तास बघायचं आणि मग प्रकाश टाकून सांगायचं, झालं, गणपूर्ती नाही, तरी करा सुरू. ते बिचारे तिथेच पडदा विणायला बसायचे. पडदा विणला की वरून येणारं सगळं तिथेच खायचे. असे प्रत्येक वळणावर. खाली टाकीपर्यंत काही पोचेचना. टाकीतले उपाशी, जाळी उपाशी, लिफ्ट उपाशी. आणि लिफ्टची जुनी जोडणी आम्ही सवलतीसाठी परत करून बसलो होतो. ती पुन्हा मिळायला सहा महिन्यांची रांग.

"उपाय दोन," शबाना म्हणाली. "एक, क्लोरीन. दुपारी ओतते, संध्याकाळपर्यंत सगळे मेले. नवे जिवाणू घालू, लिफ्ट सुरू. दुसरा, तुमचा नियम पुसायचा आणि पाइप एक अख्खा दिवस उपाशी ठेवायचे. खायला नाही मिळालं की हे आपोआप पडदा सोडतात आणि खालच्या दिशेने वाहत जातात. पण एक दिवस म्हणजे एक दिवस. एकाही घरातून एक तांब्याही मोरीत जाता कामा नये. एकाने जरी धुणं लावलं, की यांना वाटतं जेवण आलं, पुन्हा घट्ट."

"सगळ्या घरांनी?"

"सगळ्या."

मी हसले. खरंच हसले. "क्लोरीन ओत," म्हटलं.

मागे आण्णा उभे होते.

आण्णा म्हणजे माझे सासरे. ऐंशी पार केलेले, गुडघे गेलेले. आम्ही जैन. मी जेवढी जमेल तेवढी, आण्णा पूर्ण. पाणी अजून स्वतः फडक्याने गाळतात. गाळून झालं की फडक्यावर जे राहतं, त्याला ते जिवाणी म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले जीव. ते मोरीत टाकायचे नाहीत. जिथलं पाणी, तिथे ते नेऊन सोडायचे, आणि तेही फार वेळ न लावता. गावाकडे विहीर होती. इथे सोसायटीची जमिनीतली पाण्याची टाकी. रोज सकाळी ते लोट्यात जिवाणी घेऊन लिफ्टने खाली उतरत, टाकीचं झाकण उचलून हळूच सोडत, आणि तसेच पुढे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जात. लिफ्ट बंद पडल्यापासून जिवाणी मी सोडून येते. दर्शन मात्र मला त्यांच्या वतीने घेता येत नाही.

"ओतू नकोस," आण्णा म्हणाले.

"आण्णा, ते जिवाणू आहेत. गटारातले."

"माझे पाण्यातले. तेवढाच फरक." मग थांबून म्हणाले, "शेती केली, घर बांधलं, नकळत किती गेले कोण जाणे. पण ठरवून, औषध ओतून, माझ्या लिफ्टसाठी नको. मी वरच बरा आहे."

ते वर बरे नव्हते. लिफ्ट बंद पडल्यापासून दुपारीही झोपायला लागले होते. कुणी आलं की 'बरं आहे' म्हणायचे. पूर्वी बस्तीतल्या चार म्हाताऱ्यांच्या भांडणांची अख्खी हकीकत सांगायचे. तक्रार करणाऱ्या माणसाशी भांडता येतं. न करणाऱ्याचं काय करायचं?

भरतेशला फोन लावला.

"क्लोरीन टाकू का?"

"तू ठरव."

"टाकलं तर आण्णांचा नियम मोडतो. नाही टाकलं तर आण्णा खाली उतरत नाहीत. मी ठरवू?"

"तुला नीट कळतं अगं. मी इथं शेतात उभाय, रेंज जायलीय."

आमच्या लग्नाचंही हेच चाललं आहे. मी विषय मांडते. तो गैरहजर. अर्धा तास वाट बघते आणि त्याच ठिकाणी, म्हणजे स्वयंपाकघरात, एकटीच ठराव मंजूर करते. मुलीची शाळा, सासूबाईंचं ऑपरेशन, हा फ्लॅट. आणि आता इतक्या जिवांचा निकाल. पाप कुणाच्या नावावर लिहायचं, तर जी हजर होती तिच्या.


विषय पाचवा : एक दिवस मोरीत पाणी न सोडण्याबाबत

मी रविवारी सकाळी सभा बोलावली. ठिकाण नेहमीचं, तळमजल्यावर पार्किंगच्या शेजारचा हॉल. पाण्याच्या टाकीचं झाकण याच हॉलच्या फरशीत आहे. शबानाने माझा नियम पुसून यंत्राचा पडदा हॉलमध्ये आणून ठेवला. वेळ झाली. सर होते, मी होते, खुर्च्या होत्या.

सभा तहकूब.

(ही गोष्टही इथे तहकूब करते. तुम्हीही थोडं रिकाम्या खुर्च्यांकडे बघा. मी एकटीनेच का बघायचं?)

(पडद्यावर अधूनमधून एखादं 'मी आहे' येत होतं. आमच्यापेक्षा बरी उपस्थिती.)

"झाला अर्धा तास," सर म्हणाले. "करा सुरू. सूचक तुम्ही, अनुमोदक मी. ठराव मंजूर."

"नाही."

"नियमात बसतंय की."

"नियमात बसतंय, सर. पाइपात बसत नाही. न आलेल्या माणसाला ठराव बांधतो, त्याच्या वॉशिंग मशीनला नाही."

"मग?"

"मग थांबायचं. येईपर्यंत."

सरांचा चेहरा पडला. "पद्मजाबाई, माझं वय बघा. माझ्याकडे एवढा वेळ नाही."

माझ्याकडे तरी कुठे होता? आण्णांनी पाणी गाळलं असेल, जिवाणी लोट्यात वाट बघत असेल, हे मला तेव्हा आठवलं. उठणार, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला.

"आण्णा, जरा बाजूला होता का? मुहूर्त चुकेल आमचा." हे आरवाडे.

"होतो की," आण्णांचा आवाज. "पण ह्यात जीव आहेत. हललं की सांडतील."

मी धावत जिन्याशी गेले. आण्णा आमच्या चौथ्या मजल्यावरून उतरत आले होते. एक हात कठड्यावर, एका हातात लोटा. एक पायरी, मग दोन्ही पाय जुळवायचे, लोट्यात बघायचं, मग दुसरी. मागे आरवाडे नवराबायको लग्नाच्या कपड्यांत. त्यांच्या मागे पाचव्या मजल्यावरचे, पिशव्या घेऊन बाजाराला निघालेले. आण्णा दम खायला ज्या ज्या मजल्यावर थांबले, तिथलं कुणी ना कुणी सभा टाळून नेमकं तेव्हाच दारातून बाहेर पडलं होतं आणि रांगेत अडकलं होतं. 'बाहेरगावी आहे' असा मला सकाळीच निरोप पाठवलेले शिरगुप्पे पायजम्यावर रांगेत होते. माझी नजर चुकवत.

दीड माणूस रुंद जिना. एक माणूस आण्णा, आणि अर्धा माणूस लोटा.

खालून भरतेश आला. खांद्यावर दौऱ्याची बॅग. पहिल्या मजल्याच्या वळणावर बापलेक समोरासमोर आले. वर जायला वाट नाही. आण्णा लोट्यात बघत राहिले. भरतेशने बॅग तिथेच ठेवली आणि आण्णांच्या कोपराखाली हात धरून उलटा, पाठमोरा, एकेक पायरी चाचपत खाली यायला लागला. इतक्या हळू चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

लोट्याचं पुढे काय होतं ते बघायला सगळी रांग आण्णांच्या मागोमाग हॉलमध्ये शिरली. आण्णांनी वाकून झाकणातून जिवाणी सोडली, लोटा रिकामा असल्याची खात्री केली आणि दारालगतच्या खुर्चीत बसले. पाय लांब करून. आता बाहेर जायचं तर त्यांचे पाय ओलांडायला हवेत, आणि ते कुणाच्याच्याने होईना.

"गणपूर्ती आहे?" सरांनी भूत बघितल्यासारखं विचारलं.

मी विषय मांडला. एक दिवस, एक थेंब नाही. आरवाडे म्हणाले, आम्ही लग्नाला चाललोय, आमचा प्रश्नच नाही. शिरगुप्पे म्हणाले, अंघोळ? शबाना म्हणाली, बादली भरून मागच्या झाडांना. पाचव्या मजल्यावरून प्रश्न आला, आणि ते? शबाना म्हणाली, बाहेर फिरती संडासगाडी उभी केलीय, आणखी तपशील हवा असेल तर देते. नको, असं बऱ्याच जणांचं एकमत झालं. त्या दिवसातलं पहिलंच.

मग मी एकेकाला विचारलं. कुरकुरत का होईना, 'आहे' म्हणाले. आरवाडे आहे. शिरगुप्पे, पायजम्यावर का होईना, आहे. सर आहेत, एकाच ठिकाणी. शेवटी राहिला भरतेश.

"आमच्या घराचं काय?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"तू ठर…" तो म्हणाला आणि थांबला. आण्णा त्याच्याकडे बघत होते. लोट्याकडे बघायचे तसे.

"मी आहे," भरतेश म्हणाला.

"एवढंच?"

"सध्या एवढंच."

"आत्तापासून," शबाना म्हणाली, "मोरी बंद."


आयत्या वेळचे विषय (मा. अध्यक्षांच्या परवानगीने)

पाइपांतले पडदे दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सुटायला लागले. हिऱ्यातला इलेक्ट्रॉन असा काही डळमळत होता की पडद्यावर 'मी आहे'च्या ओळी वाचायला सापडेनात. आणखी दोन दिवसांनी लिफ्ट सुरू झाली. क्लोरीनचे डबे शबाना होते तसेच परत घेऊन गेली. आण्णा बस्तीत जाऊन आले आणि तिथल्या दोन म्हाताऱ्यांचं नवं भांडण मला जेवण होईपर्यंत सांगत होते. हे सगळं इतिवृत्तात आहे. कुणी वाचणार नाही, पण आहे.

इतिवृत्तात नाही ते एवढंच.

शबाना 'मोरी बंद' म्हणाली, त्यानंतर मिनिटभरात वरून कुठूनतरी घरघर ऐकू आली. मग पाण्याचा खळखळाट. वॉशिंग मशीन.

"अरे कोण आहे तो!" सगळी सोसायटी एका आवाजात ओरडली. कुणी कुणाला विचारलं नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. आण्णांनी पाय आत घेतले आणि सगळे एकदम जिन्याकडे धावले, आरवाडेवहिनी शालू खोचून. सर्वांत पुढे भरतेश. पडद्यापुढे मी, सर आणि आण्णा उरलो.

थोड्या वेळाने धापा टाकत भरतेश खाली आला.

"कुणाचं होतं?" मी विचारलं.

"आपलंच. रविवारचं टायमरवर लावून ठेवलेलंस तू."

मी कपाळावर हात मारला. "पाणी गेलं मोरीत?"

"आत भरत होतं, बाहेर सुटलं नव्हतं. बंद केलं. आतलं पाणी बादलीत काढलं, बादली झाडांना. ओले कपडे तसेच वाळत टाकलेत. साबण राहिला असेल, राहू दे."

"एवढं सगळं केलंस, मग मला फोन का नाही केलास?"

भरतेशने घाम पुसला. तो स्वतःच जरा चकित झालेला दिसला.

"वेळ कुठं होता," तो म्हणाला. "मीच ठरवलं."